फिनेलचा वास आला म्हणजे जंतू मेले का?

आईच्या ऑपरेशनसाठी नऊ दिवस सरकारी दवाखान्यात काढले. कुठल्या, ते मुद्दाम लिहीत नाही. पाचव्या दिवशी टाक्यांत पू झाला. "इन्फेक्शन आहे, होतं असं," डॉक्टर म्हणाले. ते कशामुळे झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जे पाहिलं ते सांगतो.

एकच बादली, एकच पोछा. आधी संडास, मग त्याच पाण्यात वॉर्ड. हायपोक्लोराइटचा कॅन खिडकीत, उन्हात, झाकण उघडं. मावशींना विचारलं, किती टाकता? "वास येईपर्यंत, दादा. संपलं की लवकर येत नाही, म्हणून पुरवून पुरवून वापरते." मावशींचा दोष नाही. त्यांना ना मापाचा मग दिलाय, ना कुणी शिकवलंय.

हायपोक्लोराइट उन्हानं, उघडं राहिल्यानं कमजोर होतं. फरशीवर रक्त-पू तसाच असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. रक्त सांडलेल्या जागी एक टक्क्याचं द्रावण दहा मिनिटं तरी ओलं राहायला हवं. इथं पंखा लावून दोन मिनिटांत फरशी कोरडी! आणि स्युडोमोनाससारखे जीवाणू काही पातळ जंतुनाशकांत मरत तर नाहीतच, उलट तिथंच वाढतात. म्हणजे आपण जंतू मारतोय की वॉर्डभर फिरवतोय?

२०१६ साली रोमानियात हेच उघडकीला आलं. कंपनी दवाखान्यांना पाणी घातलेली जंतुनाशकं विकत होती. ते शोधलं एका क्रीडा दैनिकाच्या पत्रकारांनी! आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. आपल्याकडे पाणी घालायला कंपनीचीही गरज नाही, बादलीच पुरे.

"निधी नाही" हे मला सांगू नका. मापाचा मग आणि एक वही, याला किती निधी लागतो? आईची अँटिबायोटिक्स आम्ही बाहेरून आणली, त्या बिलात वर्षभराचे मग आले असते. उद्घाटनाच्या फिती कापायला मात्र पैसा असतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळा लावा: कुठलं द्रावण, किती टक्क्याचं, आज किती वाजता बनवलं, कुणी बनवलं. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा न सांगता येऊन तो वाचावा.

आणि तुम्ही नातेवाईक म्हणून गेलात तर नाकाला रुमाल लावून गप्प बसू नका. विचारा, "द्रावण कधी बनवलं?" उत्तर मिळालं नाही तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मी दिली आहे. उत्तर आलं की इथंच टाकतो. नाही आलं, तर तेही टाकतो.