मिठीचा अपराध कोणता?

२००५ सालच्या २६ जुलैस सांताक्रुझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि मिठी नदी बेफाम झाली अशी एकच ओरड झाली. आम्ही विचारतो, बेफाम कोण? विमानांच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळविले कोणी? वांद्रे-कुर्ला येथील खारफुटीची दलदल भरतीचे व पुराचे पाणी पोटात घेत असे. ती बुजवून तिजवर इमले चढविले कोणी? मातीत मुरावयाचे पाणी काँक्रीटवरून धावत नदीतच येणार, हे शेतकऱ्याचे पोरही सांगेल. पाऊस दैवाधीन खरा. पूर मात्र मनुष्यकृत होय. काठाला भिंती बांधून हे पाप फिटावयाचे नाही. नदीची जागा नदीस सोडावी. न सोडल्यास ती वसूल केल्यावाचून राहावयाची नाही.