शंभराच्या पुढचे तीन टक्के

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनच्या उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट देशासमोर ठेवले. तेव्हापासून पाण्याचे विद्युत अपघटन हा शालेय पुस्तकातला जुना प्रयोग पुन्हा चर्चेत आला आहे. त्याच्या जोडीने एक जुना दावाही परतला आहे. विशिष्ट आकाराच्या नळ्या, विशिष्ट कंप्रतेची स्पंदने किंवा विशिष्ट धातूचा लेप वापरला की दिलेल्या विजेपेक्षा अधिक ऊर्जेचा वायू मिळतो, असा तो दावा. तो पडताळून पाहण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि मोटारीची बॅटरी घेऊन बसणारे विद्यार्थी व हौशी प्रयोगकर्ते जगभर आहेत. त्यांची एकतर भाबडी स्तुती होते किंवा टवाळी. दोन्हींमुळे एक महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते. अशा प्रयोगातील चूक बहुधा हेतूत नसते, ती हिशेबात असते. आणि हिशेब शिकविता येतो.

हा हिशेब चेन्नईच्या हवेत करून पाहावा. फॅरडेच्या नियमानुसार १ अँपिअर प्रवाह एक तास वाहिला, तर एका घरात ०.०१८७ मोल हायड्रोजन मिळतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणीय दाबाखाली हा कोरडा हायड्रोजन सुमारे ४५६ मिलिलिटर भरतो. परंतु मे महिन्यातील चेन्नईत खोलीचे तापमान सहज ३५ अंश असते. पाण्यावर गोळा केलेला वायू त्या तापमानाला प्रसरण पावलेला असतो आणि त्याच्या आकारमानात साडेपाच टक्के तर नुसती पाण्याची वाफ असते. विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील २२.४ लिटर हा शून्य अंशाचा आकडा वापरून गणित केले, तर त्याला प्रत्यक्षापेक्षा सुमारे १९ टक्के अधिक हायड्रोजन मिळाल्यासारखे दिसते.

उपकरण तापले की ही चूक आणखी वाढते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहा घरे एकसरीत जोडली, तर प्रत्येक घराच्या वाट्याला दोन व्होल्ट येतात. पाण्याच्या विघटनाची संपूर्ण ऊर्जा विजेतूनच पुरवायची असेल, तर २५ अंशांना प्रत्येक घराला १.४८ व्होल्ट लागतात. म्हणजे या साध्या यंत्राची कार्यक्षमता फार तर ७४ टक्के. परंतु वायू ६० अंशांना मोजला आणि गणित २५ अंशांच्या कोरड्या वायूचे केले, तर आकारमान सुमारे ३९ टक्के फुगलेले असते. मग ७४ टक्क्यांचे १०३ टक्के होतात. शंभराच्या पुढचे हे तीन टक्के पाण्यातून आलेले नसतात, ते वाफेतून आणि तापमानातून आलेले असतात. प्रयोगकर्ता खोटे बोललेला नसतो. त्याने तापमापी वापरलेला नसतो, एवढेच.

स्पंदनांच्या बाबतीत याहून मोठा घोटाळा होतो. समजा, १२ व्होल्ट दाबाचा आणि १० अँपिअरचा प्रवाह एकूण वेळेच्या केवळ एक दशांश काळ चालू राहतो. खरी सरासरी शक्ती १२ वॅट आहे. साधा मल्टिमीटर मात्र सरासरी दाब १.२ व्होल्ट आणि सरासरी प्रवाह १ अँपिअर दाखवितो. त्या दोहोंचा गुणाकार १.२ वॅट येतो. दिलेली वीज कागदावर दहापट कमी झाली, की तेच ७४ टक्के ७४० टक्के होऊन बसतात. येथे ऑसिलोस्कोपवर दाब आणि प्रवाह एकाच क्षणी मोजून त्यांच्या गुणाकाराची सरासरी काढावी लागते. अमेरिकेतील स्टॅन्ली मेयर यांचा पाण्यावर चालणाऱ्या मोटारीचा प्रसिद्ध दावा अशाच स्पंदनांवर उभा होता. १९९६ साली ओहायोतील न्यायालयात तज्ज्ञांनी त्यांच्या घटाची तपासणी करून ते साधेच विद्युत अपघटन असल्याचे सांगितले आणि न्यायालयाने गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. तरीही त्या घटाच्या प्रतिकृती आजतागायत केल्या जातात.

अशा प्रयत्नांकडे केवळ हौशी मंडळी वळतात, असे मानणे इतिहासाला धरून नाही. २३ मार्च १९८९ रोजी फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जड पाण्याच्या विद्युत अपघटनातून अतिरिक्त उष्णता मिळाल्याचे जाहीर केले, तेव्हा मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या नेतृत्वाखाली अनेक गटांनी तत्काळ तो प्रयोग करून पाहिला आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याची नोंद केली. चेन्नईजवळील कल्पाक्कम येथेही असे प्रयोग झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईतच भरली. एव्हाना बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांनी हा दावा अमान्य केलेला होता. चेन्नईच्या वैज्ञानिक परंपरेत या प्रश्नाचे स्थान आहे ते असे, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दावा तपासून पाहणे हे कर्तव्यच होते.

त्या वादातून हौशी प्रयोगकर्त्याने घेण्याजोगा धडा १९९५ साली पुढे आला. उघड्या घटात असे गृहीत धरले जाते, की तयार झालेला सर्व वायू बाहेर जातो आणि आपल्या वाट्याची ऊर्जा घेऊन जातो. ती ऊर्जा हिशेबातून वजा केली जाते. परंतु थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजन घटातच पुन्हा एकत्र येऊन पाणी झाला, तर ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आतच राहते आणि ‘अतिरिक्त’ भासते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील गटाने निकेलच्या घटांत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यामध्ये अडसर ठेवला, तेव्हा ही अतिरिक्त उष्णता नाहीशी झाली. काचेच्या एका साध्या अडसराने प्रश्नाचा निकाल लागू शकतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखविले पाहिजे.

तामिळनाडूनेच याच्या उलट उदाहरणही पाहिले आहे. १९९६ मध्ये रामर पिल्लै यांनी वनस्पती टाकून पाणी उकळले की इंधन बनते, असा दावा केला. हा दावा विद्युत अपघटनाचा नव्हता, पण पाण्यातून फुकट ऊर्जा मिळविण्याची आशा तीच होती. ढवळण्याच्या पोकळ कांडीत इंधन दडविले जात असल्याचे पुढे उघड झाले. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना फसवणुकीच्या प्रकरणी दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तेथे साहित्य दावेदाराचे होते आणि प्रात्यक्षिकही त्याच्याच हाती होते. प्रामाणिक विद्यार्थ्याला या प्रकरणाशेजारी उभे करणे अन्यायाचे आहे. परंतु पडताळणी स्वतःच्या उपकरणांनी करावी, हा त्यातील बोध त्यालाही लागू आहे.

‘शंभर टक्क्यांहून अधिक अशक्यच’ एवढे बोलून गप्प बसणारे शिक्षकही अर्धेच सांगतात. १.२३ आणि १.४८ व्होल्टच्या दरम्यान घट चालविला, तर उरलेली ऊर्जा तो भोवतालच्या उष्णतेतून घेतो. केवळ विजेशी तुलना केल्यास २५ अंशांना तात्त्विक मर्यादा सुमारे १२० टक्क्यांची आहे, आणि त्यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा भंग मुळीच होत नाही. मग प्रगत संशोधन कोठे आहे? ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या केशाकर्षणावर आधारित घटाची कार्यक्षमता ९८ टक्के होती. त्या शोधनिबंधात तापमान, द्रावणाची तीव्रता आणि प्रवाहघनता दिलेली आहे. म्हणून तो तपासता येतो आणि म्हणूनच त्यावर उद्योग उभा राहू शकतो.

महाविद्यालयांनी असे प्रयोग बंद पाडू नयेत. त्यांना ऑसिलोस्कोप, तापमापी आणि एका मार्गदर्शकाची सोबत द्यावी. सोबतीचे आणखी एक कारण आहे. या यंत्रातून निघणारा हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा मिश्र वायू एका ठिणगीने स्फोट पावतो. हवेतही हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतो. तो बाटलीत साठवून ठेवणे म्हणजे घरात बॉम्ब ठेवणे होय. वायू ताबडतोब बाहेर सोडावा आणि प्रयोग खुल्या, हवेशीर जागी करावा.

अपेक्षित वायू किती, कोणत्या तापमानाला आणि किती चुकीपर्यंत, हे प्रयोगाआधी वहीत लिहिले जावे. निकाल नकारार्थी आला तर तोही प्रसिद्ध व्हावा. २०१९ मध्ये नेचर या नियतकालिकात गूगलच्या अर्थसाहाय्याने झालेल्या शीत संमीलनाच्या फेरतपासणीचा अहवाल आला. पुरावा मिळाला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. तरी त्या कामातून अधिक चांगले कॅलरीमापी मात्र मिळाले. चेन्नईतील एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या वहीतले १०३ टक्के खोडून ७४ लिहिले आणि का खोडले तेही नोंदविले, तर हरित हायड्रोजनच्या अभियानाला हवा असलेला अभियंता तेथे घडत आहे.