स्पीकर बदलला, व्रत मोडलं नाही



गेल्या आठवड्यात प्रवचन संपल्यावर स्थानकातून एका ताईंना घरी सोडायला गाडीत घेतलं. गाडीत स्तवन लागलं होतं. त्या म्हणाल्या, "भाभी, आवाज किती स्वच्छ येतो हो!" मी सरळपणे सांगितलं, की पुढच्या दोन्ही दारांतले स्पीकर नवे बसवलेत, ११,८०० रुपये खर्च आला. ताईंचा सूरच बदलला. "या वयात हा शौक? तेवढे पैसे जीवदयेला गेले असते. परिग्रह वाढवायचा तरी किती!" दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी तेच विचारलं. म्हणून उत्तर इथे एकदाच लिहून टाकते.

आधी गोष्ट काय ते सांगते. मुलगा पुण्याला असतो. नगर ते पुणे सव्वाशे किलोमीटर, गाडी मी चालवते, हे शेजारी बसतात. वाटेत महाराज साहेबांचं प्रवचन लावायचं ही आमची जुनी सवय. दोनेक वर्षांपासून सुपे यायच्या आत यांचं सुरू व्हायचं, "काय म्हणाले? काय म्हणाले?" मी आवाज वाढवायची. दाराचा पत्रा थरथरायचा, पण शब्द काही कळायचा नाही. शिरूरपर्यंत हे म्हणायचे, "बंद कर, डोकं दुखतं." पुढचा रस्ता दोघंही गप्प. मला वाटायचं, यांची धर्माची गोडी कमी झाली. मनात रागही धरला. आज त्याची लाज वाटते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून समजावलं. वयाबरोबर आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. 'आ', 'ओ' यांसारखे स्वर जाड, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरं बारीक स्वरांवर उभी असतात, ती निसटतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. आवाज वाढवला की जाड स्वर अजून जाड होतात आणि गोंगाट वाढतो. यांना कानाचं मशीन लागलं. घरात फरक पडला, गाडीत पडेना. कारण गाडीबरोबर आलेले स्पीकर साध्या कागदी पडद्याचे, तेही दारात खाली, गुडघ्याच्या उंचीला. बारीक स्वर त्यातून नीट निघायचेच नाहीत. जे स्पीकरमधून निघत नाही, ते मशीन कुठून आणणार?

म्हणून दुकानात गेले. पहिल्या दुकानातल्या मुलाने खोका पुढे केला, वर भलामोठा वॉटचा आकडा. "काकू, चारही दारं करून घ्या, डिकीत बेस टाकू, अख्खा चौक वळून बघेल." खर्च साठ हजारांच्या पुढे! मी बी.कॉम. आहे, मोठा आकडा दिसला की त्याच्या खालचा बारीक आकडा शोधते. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो 'पीक' वॉट, म्हणजे क्षणभराचा उच्चांक. सतत पेलणारी ताकद म्हणजे 'आरएमएस', ती बारीक अक्षरात असते. एक उलाढाल, दुसरा नफा. धंदा कशावर चालतो हे आपल्या घरात कुणाला सांगायला नको. शिवाय गाडीतला म्युझिक सिस्टीम एका स्पीकरला खरी ताकद देतो पंधरा-वीस वॉटच्या आसपास. तिथे हजार वॉटचा स्पीकर काय कामाचा? त्यापेक्षा डेसिबलमध्ये लिहिलेली 'सेन्सिटिव्हिटी' बघायची. तो आकडा तीनने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते.

दुसऱ्या दुकानात पुढच्या दोन दारांसाठी वेगवेगळ्या भागांचा संच घेतला. मोठा स्पीकर दारातच, जुन्या जागी. बारीक स्वरांचा छोटा ट्वीटर वर, आरशाजवळ, कानाच्या दिशेने. कंपनीची वायर कापू दिली नाही, जोडणीचा सॉकेट लावून घेतला. दाराच्या पत्र्याला आतून जाड चिकटशीट लावली आणि मोठी भोकं बंद केली. स्पीकर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागे दारात टाकतो. तो भोकांतून परत पुढे आला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि पत्रा वाजतो तो वेगळाच. हिशेब असा: स्पीकर ७,५००, शीट २,८००, मजुरी १,५००. मागची दारं जशीच्या तशी आहेत, कारण मागे कोणी बसत नाही.

नंतरच्या फेरीत सुप्याजवळ हे एकदम म्हणाले, "हा मुद्दा महाराज साहेबांनी मागच्या चातुर्मासात वेगळ्या तऱ्हेने सांगितला होता." पुण्यापर्यंत आम्ही त्यावरच बोलत गेलो. पूर्वी आवाजाचा आकडा २८ वर असायचा, आता १४ पुरतो. बाहेरचा हॉर्नही ऐकू येतो.

आता परिग्रहाचं. आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षा दिल्यात. मग आठवा. साधूंचं महाव्रत सर्वत्यागाचं, आपलं श्रावकाचं व्रत परिमाणाचं. सातव्या व्रताच्या २६ बोलांत वाहनसुद्धा आहे. तिथे वाहन ठेवूच नका असं नाही, मर्यादा बांधा असं आहे. परिग्रहाचं मूळ वस्तूत नसतं, आसक्तीत असतं, हे तत्त्वार्थसूत्राने सांगितलंय. माझी मर्यादा होती दोन दारं आणि बारा हजार. ती मी दुकानात पाय ठेवण्याआधी बांधली होती. यंदा नवी साडी घेणार नाही, हेही तेव्हाच ठरलं.

विजेत तेजस्कायाची विराधना आहे, असं एकीने म्हटलं. मान्य. ध्वनिवर्धक वापरावा की नाही हा आपल्या स्थानकवासी परंपरेतला जुना वाद आहे, आणि साधू-साध्वींच्या मर्यादेवर मी बोलणार नाही. सामायिकात मी स्पीकर लावत नाही. पण जुना स्पीकरही विजेवरच चालत होता ना? तेव्हा कुणाला तेजस्काय आठवला नाही. जीवदयेचाच प्रश्न असेल, तर रेशमी साडीसाठी किती कोष उकळतात हे आपल्याला ठाऊक आहे. लग्नात ती नेसून गेलं की कोणी हिशेब विचारत नाही.

आणि आपण कशाला नावं ठेवत नाही तेही बघा. तपस्वींच्या वरघोड्यात आपलीच मुलं दारं उघडी टाकून, डिकी वर करून गाड्या वाजवतात. महिनाभर उपवास केलेली तपस्वी बाई रथात डोळे मिटून बसलेली असते आणि तिच्या कानाशी ढोल घुमतो. त्याला आपण 'धर्मप्रभावना' म्हणतो. नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. कानाचं गणित तर सोपं आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. कारण नसताना केलेली ही हिंसा आठव्या व्रतातला अनर्थदंड नाही, तर दुसरं काय? आज चौक वळवणारी ही मुलं उद्या आमच्या यांच्यासारखी "काय म्हणाले?" विचारत बसतील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. स्पीकर ऐकण्यासाठी असेल तर ती गरज, ऐकवण्यासाठी असेल तर तो परिग्रह. किंमत किती आणि वय किती, याने ते ठरत नाही. तुमच्या घरातलं मोठं माणूस गाडीत गप्प बसत असेल, तर धर्माची गोडी गेली असं समजू नका. आधी कान तपासा, मग दारातला स्पीकर तपासा. मुलगा चारही दारांचा हट्ट धरत असेल, तर विचारा, "ऐकणार कोण आहे?"

माझ्या लिहिण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मत मात्र तेच राहील.