कच्चा लिंबू कोणी नको, सगळ्यांना दोन ओव्हर द्या

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत टेनिस बॉल स्पर्धांचे बॅनर लागतात. पहिले बक्षीस इतके हजार, दुसरे इतके, मॅन ऑफ द सिरीजला सायकल. मैदानात अठरा ते पंचवीस वयाची पोरे असतात आणि कडेला टाळ्या वाजवायला त्यांचे बाप, काका, मामा उभे असतात. पोट सुटलेले, बीपीची गोळी चालू असलेले, कोणाचा गुडघा धरलेला. आया-मावश्या तर कडेलाही नसतात, कारण त्या वेळेला नळाला पाणी आलेले असते. स्पर्धा संपते, ढाली वाटल्या जातात आणि ज्याला खेळाची सगळ्यात जास्त गरज आहे तो माणूस खुर्च्या उचलून घरी जातो.

स्पर्धा बंद करा असे मला म्हणायचे नाही. पण त्या मैदानावर आठवड्यातून एक सकाळ पस्तिशीच्या पुढच्यांची आणि बायकांची असावी, आणि ती नियमाने चालावी, एवढी माझी मागणी आहे. नियमावर जोर देतो आहे, कारण ‘या रे, थोडं खेळू’ म्हणून सुरू झालेला खेळ तिसऱ्या रविवारी भांडणावर किंवा मुरगळलेल्या पायावर संपतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आधी आकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण आहेत आणि प्रौढांपैकी पस्तीस टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दम लागेल अशी हालचाल.

यावर वस्तीत एक उत्तर ठरलेले असते: ‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’ उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. आपल्यातले कितीतरी जण आता रिक्षा चालवतात, सोसायटीच्या गेटवर बारा तास बसतात, ऑफिसात शिपाई आहेत, शिलाई मशीनवर वाकलेले असतात. आणि जे खरेच अंगमेहनतीचे काम करतात, झाडू मारणारे, हमाल, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, त्यांचे अंग झिजते. पण हृदयाला जो फायदा मोकळ्या मनाने धावण्या-खेळण्यातून मिळतो, तो तासन्‌तास ओझे उचलण्यातून तसाच मिळतो असे नाही, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कामात विश्रांती आपल्या हातात नसते, खेळात असते. हा फरक मोठा आहे.

अमेरिका-कॅनडात मोठ्यांचा एक खेळ आहे, स्लो-पिच सॉफ्टबॉल. कामावरून सुटलेली माणसे संध्याकाळी मैदानावर जमतात. बॉल खालून हाताने टाकायचा आणि तो कमानीसारखा वर जाऊन खाली यायला हवा. किमान किती फूट उंच आणि जास्तीत जास्त किती, हेसुद्धा ठरलेले असते. जोरात टाकला तर तो बाद. बायका-पुरुष एका संघात खेळतात. पहिल्या बेसवर कित्येक ठिकाणी दोन गाद्या शेजारी-शेजारी ठेवतात, एक धावणाऱ्याला, एक झेलणाऱ्याला, म्हणजे टक्कर होत नाही. आपल्याकडे सॉफ्टबॉल शाळा-कॉलेजातल्या पोरांना माहीत आहे, पण वस्तीत तो आणा असा माझा आग्रह नाही. त्यामागचा विचार मात्र जसाच्या तसा घ्यावा: बॉल मुद्दाम हळू करा, म्हणजे सगळ्यांना मारता येतो. आपल्याकडे त्यासाठी अंडरआर्म क्रिकेट आहेच. चाळीच्या बोळात, विहाराच्या मागच्या पटांगणात आपण सगळे तेच खेळून वाढलो.

आता नियम कसे असावेत ते सांगतो.

पहिली गोष्ट संघाची. गल्लीप्रमाणे संघ करू नका आणि मंडळाप्रमाणे तर मुळीच नको. आपल्यात गट आधीच इतके आहेत की त्यात क्रिकेटची भर नको. नावे चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात टाका, आठ-आठचे संघ काढा आणि दर दोन महिन्यांनी चिठ्ठ्या पुन्हा टाका. आठात किमान तीन बायका. तेवढ्या नसतील तर जागा रिकामी ठेवा, पुरुषाने भरू नका. असे केले की पुरुषच घरोघरी जाऊन वहिनींना विचारू लागतात.

दुसरी गोष्ट बॅटिंगची, आणि इथे मी अडून बसणार आहे. इनडोअर क्रिकेटमध्ये जोड्यांनी खेळतात. जोडी ठरलेल्या ओव्हर पूर्ण खेळते. आउट झाले तरी बाहेर जायचे नाही, धावा वजा होतात. तिथे पाच वजा करतात, आपल्याला तीन पुरेत. आठ जणांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला दोन ओव्हर, डाव आठ ओव्हरचा. जोडीतल्या एकाने सातापेक्षा जास्त बॉल खेळायचे नाहीत, म्हणजे दुसऱ्याला पाच तरी मिळतात. प्रत्येकाने एक ओव्हर टाकायची. वाइडला दोन धावा द्या, पण बॉल पुन्हा टाकायचा नाही. नाहीतर नवशिक्याची ओव्हर संपत नाही आणि तो पुढच्या वेळी येत नाही. दोन्ही डाव मिळून सव्वा तासात खेळ संपतो.

सगळ्यांना बॅटिंग मिळालीच पाहिजे, यावर एवढा अडलो आहे त्याला इतिहास आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले महान डावखुरे गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टी सांभाळायचे आणि साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकायचे. तासन्‌तास टाकायचे, बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. पुढे हिंदूंच्या संघात आले तर चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, पॅव्हेलियनबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. (१९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तो भाग वेगळा.) ज्यांच्या माणसांनी फक्त बॉल टाकले आणि बॉल आणले, त्यांच्या मैदानावर तरी कोणी नुसता बॉल आणणारा नसावा. लहानपणी आपण लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायचो. खेळात असायचा, पण मोजला जायचा नाही. मोठ्यांच्या खेळात बायकांना तसे घेऊ नका. त्यांचा आउट आउटच, त्यांच्या धावा धावाच.

बॉल टप्पा पडूनच यायला हवा, कमरेच्या वर आला तर नो बॉल. हात झटकून वेगात टाकणाऱ्याला पंचाने एकदा सांगावे, दुसऱ्यांदा ओव्हर काढून घ्यावी. भिंतीबाहेर किंवा कोणाच्या पत्र्यावर गेला तर सिक्स नाही, तीन धावा वजा. रस्त्यावर बॉलमागे धावणारा पन्नाशीचा माणूस आणि समोरून येणारा टेम्पो, हे टाळायचे आहे. डाइव्ह नाही, घसरणे नाही. स्टंपच्या एका बाजूने धावणाऱ्याने जायचे, दुसऱ्या बाजूला फिल्डर. ज्याचा गुडघा दुखतो त्याला बदली धावक मिळेल, त्याबद्दल कोणी बोलायचे नाही. चपला घालून खेळायचे नाही. पेव्हर ब्लॉकवर किंवा सिमेंटवर अनवाणीही नाही. प्रत्येक ओव्हरनंतर फिल्डरनी जागा बदलायच्या, व्हॉलीबॉलसारखे फिरत जायचे. क्रिकेटमध्ये उभे राहणे फार असते. फिरते ठेवले तरच दम लागतो. तरीही रविवारच्या एका मॅचने दीडशे मिनिटे भरत नाहीत. उरलेल्या दिवसांत चालावे लागेलच.

आरोग्याचे नियम समितीने वहीत लिहून ठेवावेत. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येकाने महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून यायची. बीपी वरचे १६० किंवा खालचे १०० याच्या पुढे असेल, किंवा चालताना छातीत दाबल्यासारखे होत असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मैदानात यायचे नाही. तोवर त्याने गुण लिहावेत, पंच व्हावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी खेळू नये, खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, बोलणे अडखळले की लगेच तोंडात टाकावी. सुरुवातीची दहा मिनिटे चालणे, हातपाय मोकळे करणे. हे न करता थेट बॅट धरणाऱ्याच्या पोटऱ्या पहिल्याच धावेला धरतात.

पाय मुरगळला तर चोळू नका, ओढून ‘बसवू’ नका. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, सूज वाढली किंवा पाय टेकवत नसेल तर एक्स-रे. डोक्याला लागले की त्या दिवशी खेळ बंद, माणूस कितीही ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी. छातीत कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, थंड घाम, हे दिसले की गॅस म्हणून सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. माणूस कोसळला आणि श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहायचे, मदत येईपर्यंत. प्रत्येक संघातल्या दोघांना तरी हे कोणाकडून प्रत्यक्ष शिकवून घ्या.

हंगाम धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर सुरू करा, १४ एप्रिलच्या आत संपवा. ६ डिसेंबरच्या आठवड्यात सुट्टी. उन्हाळ्यात हट्ट नको. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात उन्हात नुसते बसलेले चौदा जण दगावले, ते विसरू नये. फेब्रुवारीनंतर सकाळी साडेआठला शेवटचा बॉल. पाण्याचा माठ मैदानात, ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. वेळ मात्र बायकांना विचारून ठरवा. नळ सहाला येत असेल तर खेळ सातला, आणि बायकोची ओव्हर चालू असताना पोर नवऱ्याच्या कडेवर. विहारात रविवारी सकाळी वंदना होत असेल तर ती झाल्यावर सगळे तिथूनच निघतात, हे सोयीचे.

रोख बक्षीस ठेवू नका. रोख आले की बाहेरचे खेळाडू येतात, मग पैज येते, मग बाटली. सिगालोवाद सुत्तात संपत्ती नासवणाऱ्या सहा वाटांत मद्य आणि जुगार दोन्ही सांगितले आहेत. मैदानात गुटखा, खर्रा, बिडी नाही; आदल्या रात्रीची घेऊन आलेल्याला त्या दिवशी बसवायचे. नगरसेवकाचे बॅट-किटही नको, त्याच्या मागून बॅनर येतो. आठवड्याला माणशी वीस रुपये काढले तर बॉल, टेप, बर्फ, ओआरएस सगळे निघते. हिशोब विहाराच्या फळ्यावर लावा.

पंच पाळीपाळीने, त्यात निम्म्या बायका. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे. शिवी दिली, त्यातही बाईवरून किंवा जातीपोटजातीवरून बोलले, तर दोन रविवार बाहेर. तक्रार तिघांची समिती ऐकेल, त्यात एक तरी बाई, आणि निर्णय वहीत लिहिला जाईल. एवढ्याशा खेळाला एवढे कागद कशाला, असे काही जण म्हणतील. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की बौद्ध भिक्षू संघांना बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे नियम माहीत होते आणि ते पाळले जात. भिक्खूंना नियमांचे ओझे वाटले नाही, मग आपल्याला अंडरआर्मच्या वहीचे का वाटावे?

मैदान नाही ही अडचण मात्र खरी आहे. टर्फवाले तासाला जे घेतात ते आपल्याला परवडणारे नाही. पण पंचवीस पावले लांब आणि पंधरा पावले रुंद जागा या खेळाला पुरते. महापालिका शाळेचे पटांगण रविवारी रिकामे असते. मुख्याध्यापकांना आणि वॉर्ड ऑफिसला मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, खेळणाऱ्यांची नावे-वये सोबत जोडा, पोच घ्या. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज, पहिल्याची पोच लावून. तोवर विहारामागच्या जागेत चार जोड्यांनी सुरुवात करता येते, फक्त खिडक्यांना जाळी लावून घ्या.