पेपर चुकीचा, नापास मात्र ज्युपिटर

परवा पुतण्याचा मेल आला. "काका, बाबांची जुनी लेन्स माझ्या नव्या लेन्सशी ताडून पाहिली. अगदीच सॉफ्ट आहे. विकून टाकतो." सोबत दोन फोटो. नवीच्या फोटोत पापण्यांचे केस मोजून घ्यावेत, जुनीच्या फोटोत डोळे पुसट.

मंडळी, माझा जन्म पेपर तपासण्यात गेला. मुलगा नापास झाला की आधी प्रश्नपत्रिका बघायची ही माझी खोड. इथे तर प्रश्नपत्रिका चक्क दुसऱ्या शाळेची निघाली!

दादाची लेन्स म्हणजे रशियन ज्युपिटर-३, ५० मिमी, एफ १.५. तिचा क्रमांक ५८ ने सुरू होतो, म्हणजे १९५८ ची. पुतण्याची झाइसची सी सोनार, तीही ५० मिमी, एफ १.५. दोघी एकाच घराण्यातल्या. मूळ रचना लुडविग बेर्टेले यांची, १९३२ च्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली. तेव्हा काचेवर परावर्तन रोखणारा लेप नव्हता. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे थोडा प्रकाश वाया जातो, म्हणून त्यांनी सात भिंगं तीन गटांत चिकटवून असे पृष्ठभाग सहावर आणले. युद्धानंतर ही विद्या रशियात गेली आणि तिची ज्युपिटर झाली.

आता खरी मेख ऐका. रेंजफाइंडर कॅमेरा भिंगातून बघत नाही. लेन्स किती पुढे सरकली यावरून तो अंतर ठरवतो. लायकाचा हिशोब ५१.६ मिमीच्या भिंगाचा, ज्युपिटरचा काँटॅक्सकडून आलेला, ५२.४ चा. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. पण एक मीटरवर, एफ १.५ ला, फोकस सुमारे तीन सेंटीमीटर चुकतो. डोळ्यांवर धरलेला फोकस कानावर जातो! पुतण्याने ज्युपिटर लावली लायकावर, आणि कॅमेऱ्याची चूक लेन्सच्या नावावर मांडली.

बरं, नवी तरी निर्दोष आहे का? सोनारमध्ये छिद्र लहान केलं की फोकस मागे सरकतो. हा घराण्याचा दोष सी सोनारमध्येही आहे. सुरुवातीच्या लेन्स एफ २.८ ला बरोबर बसतील अशा जुळवलेल्या असत. त्यामुळे एफ १.५ ला त्या चुकत, आणि लोक त्या पुन्हा जुळवून घेत. म्हणजे नवी चुकली तर तिला जुळवून घ्यायचं, आणि जुनी चुकली तर भंगारात? हा कुठला न्याय?

"जुन्यात आत्मा असतो" असलं काही मी म्हणणार नाही. नव्या लेन्सवरचा लेप खरोखर सरस आहे. समोर दिवा असला की ज्युपिटरचा फोटो धुरकट होतो, कोपरेही ढिले असतात. हे गुण तिला कमीच मिळायला हवेत. पण तिने लिहिलेल्या उत्तराचे कापा, न लिहिलेल्याचे नकोत.

माझ्याजवळ पुरावा आहे. १९६९ साली दादाने त्याच्या झोर्कीवर हीच लेन्स लावून आईचा फोटो काढला होता. स्वयंपाकघरात कंदील, बाकी काळोख. आई तांदूळ निवडतेय. तिच्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण त्यात स्पष्ट दिसतो. आईचा घरात काढलेला एवढा एकच फोटो आमच्याकडे आहे. झोर्की आणि ज्युपिटर एकाच हिशोबाचे, म्हणून तो साधला.

मी पुतण्याला कळवलं: "कॅमेरा स्टँडवर ठेव. खिडकीतून नको, मागच्या स्क्रीनवर बघून फोकस कर. प्रत्येक छिद्राला फोकस पुन्हा धर. मग दोघींचे गुण मला पाठव."

काल उत्तर आलं. "काका, मध्यभागी बाबांची लेन्स चांगलीच शार्प आहे. कोपऱ्यांत आणि दिव्यासमोर नवी पुढे. विकत नाही."

पुनर्मूल्यांकनात पास. दादा असता तर म्हणाला असता, मास्तर, एवढा वेळ का लागला?