पाय, पान आणि पेशी

गेले काही दिवस डोक्यात एकच विषय घोळतोय, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. विषय आहे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळपेशी, म्हणजे आपण ज्यांना स्टेम सेल म्हणतो त्या. तुम्ही म्हणाल, एकोडीच्या माणसाला हे काय नवीनच सुचलं? पण थांबा. या पेशींचा आणि आपल्या तेंदूपानाचा संबंध आहे, आणि तो फार लांबचा नाही.

तो जोडणारा आजार म्हणजे बर्जर रोग. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर या डॉक्टरने 1908 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. तंबाखूची सवय असलेल्यांना, त्यातही पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांना तो गाठतो. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या बसतात, बोटांना रक्त पोचेनासं होतं. आधी चालताना पाय दुखतो, मग रात्री झोपेतसुद्धा ठणकतो, मग बोटाला झालेली जखम भरतच नाही, आणि शेवटी बोट काळं पडतं. भारतात या रुग्णांमध्ये बिडी ओढणारे पुष्कळ सापडतात. आमच्या नात्यातल्या एका मामाजींचं आधी बोट गेलं, मग अर्धं पाऊल. ऐन चाळिशीत. धानाच्या बांधीत उतरणं कायमचं संपलं.

अशा पायांसाठी बंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीने ‘स्टेम्प्युसेल’ नावाचं औषध तयार केलं. 2016 मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी त्याला बर्जरच्या रुग्णांसाठी मर्यादित परवानगी दिली. 2020 मध्ये, रक्तवाहिन्या अरुंद होऊन पाय धोक्यात आलेल्या इतर रुग्णांसाठीही ती मिळाली.

हे औषध बनतं कसं, ते वाचून मला आपली शेतीच आठवली. निरोगी दात्यांच्या कमरेच्या हाडातून थोडी अस्थिमज्जा काढतात. त्यातल्या ज्या पेशी प्लास्टिकच्या भांड्याच्या तळाला चिकटतात त्या ठेवायच्या, बाकीच्या धुऊन टाकायच्या. 37 अंशांच्या उबेत, पोषक द्रवात त्या वाढतात. तळ भरला की उचलून जास्त भांड्यांत विरळ पसरायच्या. आपण पऱ्हे टाकतो आणि मग रोवणी करतो ना, तसंच! पुरेशा झाल्या की द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि वेळ आली की रुग्णाच्या पोटरीत अनेक ठिकाणी टोचतात. गंमत म्हणजे या पेशी स्वतः नवी रक्तवाहिनी होत नाहीत, निदान मुख्यतः नाही. त्या काही प्रथिनं सोडतात, त्यामुळे सूज कमी होते आणि शरीर आपणच बारीक वाहिन्या फोडू लागतं.

90 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी मिळालेल्यांची ठणक जास्त कमी झाली, जखमा लवकर भरल्या. मात्र रुग्ण चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेले नव्हते आणि कोणाला काय दिलंय हे उघड होतं, त्यामुळे हुरळून जाऊ नये. तरी हे काम मोठंच आहे.

आता माझा मुद्दा. बर्जरचा जाळ तंबाखूवर जळतो. दिवसाला एक-दोन बिड्यासुद्धा तो विझू देत नाहीत. बिडी सोडून खर्रा धरला तरी सुटका नाही. उलट, ज्यांचं बोट अजून सडायला लागलेलं नाही त्यांनी तंबाखू पूर्ण सोडला, तर पाय कापायची वेळ सहसा येत नाही. म्हणजे सगळ्यात खात्रीचा उपचार प्रयोगशाळेत नाहीच! पण त्याला उपचार म्हणायला कोणी तयार नाही. मामाजींना दर खेपेला डॉक्टरांची बोलणी मिळाली, “सोड ती बिडी” म्हणून. सोडायची कशी, ते कोणी सांगितलं नाही. इंजेक्शन म्हणजे उपचार आणि व्यसन सोडवणं म्हणजे उपदेश, ही वाटणीच मला चुकीची वाटते. पेशींचं औषध गरिबाला परवडेल असं जरूर करा, पण त्याच कागदावर तंबाखू सोडवायचं समुपदेशन आणि औषधंही लिहा, तीही गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. सरकारची 1800-11-2356 ही फुकटची फोनसेवा 2016 पासून आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती कोणाला सांगितली?

आणि हो, “बिडी बंद करा” असं मी फटकन म्हणणार नाही. उन्हाळ्यात भल्या पहाटे जंगलात जाऊन आपल्याच बाया तेंदूपानं तोडतात, सत्तर पानांचं पुडकं बांधतात. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या हातांनी कितीतरी पोरांची शिक्षणं केली. त्या हातांना दुसरं काम न देता नुसता कट्ट्यावर भीतीदायक फोटो छापणं म्हणजे अर्धवट काम. ज्या घरात बिडी वळली जाते त्याच घरात पाय कापला जातो, हे दुखणं कोणत्याच भांड्यात पेशी वाढवून बरं होणार नाही.

जाता जाता नातेवाइकांसाठी एक. गुडघ्यापासून लकव्यापर्यंत सगळ्यावर “स्टेम सेल” अशी जाहिरात दिसली तर शेत गहाण टाकू नका. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि रीतसर परवानगी मिळालेली औषधं सोडली, तर बाकी वापर फक्त मंजूर चाचण्यांतच करायचा आहे. आधी परवानगीचा कागद मागा.

असो. बिडी वळणाऱ्या घरांना दुसरं कोणतं काम घरबसल्या देता येईल, यावर तुमच्याकडे काही असेल तर नक्की लिहा. मला खरंच ऐकायचंय.