पाच नावांचा मुलगा



आपल्याकडे नावावरून बरेच काही ठरते. भाड्याने घर मिळेल की नाही, मुलाखतीत पहिला प्रश्न कोणता येईल, हे अनेकदा नाव सांगून झाल्यावरच कळते. म्हणून पाच नावे वागवलेल्या एका माणसाची गोष्ट मला या वेळी तुमच्यापुढे ठेवायची आहे.

सॉल फ्रीडलेंडर हे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे नामवंत इतिहासकार. त्या विषयावरील त्यांच्या ग्रंथाला 2008 साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्याच्या 30 वर्षे आधी, 1978 साली, त्यांनी फ्रेंचमध्ये आपल्या बालपणाची कहाणी लिहिली. इंग्रजीत ती ‘व्हेन मेमरी कम्स’ या नावाने मिळते. 1932 साली प्रागमध्ये जन्मले तेव्हा ते पावेल होते. फ्रान्समध्ये पॉल झाले. बाप्तिस्म्यानंतर पॉल-आंरी, इस्रायलमध्ये शाऊल, आणि शेवटी पॉल व शाऊल यांच्यातली तडजोड म्हणून सॉल.

घर ज्यू होते, पण धार्मिक नव्हते. बोलणे जर्मन, राहणी सुशिक्षित मध्यमवर्गीय. 1939 मध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले आणि कुटुंब फ्रान्सला पळाले. 1942 च्या उन्हाळ्यात तिथेही मोठी धरपकड सुरू झाली. युद्धकाळात फ्रान्समधून सुमारे 76 हजार ज्यूंना छावण्यांकडे पाठवले गेले; परतले जेमतेम अडीच हजार. आई-वडिलांनी मुलाला मोंल्युसों गावातल्या कॅथलिक निवासी शाळेत ठेवले आणि त्याच्या बाप्तिस्म्याला संमती दिली. मुलगा एकदा तिथून पळाला आणि वडील ज्या इस्पितळात होते तिथे पोहोचला. त्याला परत पाठवण्यात आले. ती त्यांची शेवटची भेट.

त्यानंतर आई-वडिलांनी स्वित्झर्लंडची सीमा ओलांडली. स्विस पोलिसांनी त्यांना पकडून फ्रेंचांच्या हवाली केले. त्या वेळी लहान मुले सोबत असलेल्या कुटुंबांना राहू दिले जात होते. यांनी मात्र मुलाच्या जिवासाठीच त्याला मागे ठेवले होते. दोघांचा अंत ऑशविट्झमध्ये झाला.

या वडिलांचा निवाडा आपण कसा करू? अम्मार बिन यासिर यांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल. छळ असह्य होऊन त्यांच्या तोंडून नकाराचे शब्द निघाले, आणि पैगंबरांनी त्यांना दिलासा दिला, कारण मनातला ईमान शाबूत होता. जिवावर बेतलेल्या माणसाला आपली परंपरा सवलत देते. पण या मुलाचा पेच वेगळा आहे. मनात जपून ठेवावे असे त्याला घरून काही मिळालेलेच नव्हते. तो नाटक करत नव्हता, तो खरोखर श्रद्धाळू कॅथलिक झाला. पुढे धर्मगुरू व्हायचे, असेही त्याच्या मनात होते. ज्यांनी त्याला वाचवले, त्यांनीच त्याचे मूळ पुसले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि फ्रीडलेंडर त्यातली एकही लपवत नाहीत. कृतज्ञता आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असे त्यांनी केले नाही. प्रश्न आहे म्हणून उपकार नाकारले, असेही केले नाही.

मला या पुस्तकातला सर्वात मोलाचा वाटलेला प्रसंग 1946 मधला आहे. सेंत-एतिएन इथे एका जेझुइट पाद्र्याने या 13 वर्षांच्या मुलाला जवळ बसवून ऑशविट्झ म्हणजे काय ते सांगितले. आई-वडिलांचे काय झाले असेल, ज्यूंचा द्वेष कसा वाढत गेला, हे सगळे सांगितले, आणि तेही ज्यूंविषयी आदर राखून. आपण ज्यू आहोत हे त्या मुलाला तेव्हा पहिल्यांदा आतून जाणवले. त्या पाद्र्याच्या हाती एक होतकरू कॅथलिक मुलगा आयता आला होता. त्याने त्याला धरून ठेवले नाही. त्याच फ्रान्समध्ये दोन अनाथ ज्यू मुलांचा, फिनाली बंधूंचा, बाप्तिस्मा करून पुढे त्यांना स्पेनमध्ये लपवण्यात आले. 1953 मध्ये ती नातेवाइकांच्या ताब्यात आली. धर्म तोच, देश तोच. एकाने सत्य सांगितले, दुसऱ्यांनी मुले दडवली.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या मनातला प्रश्न. गाझातील मुले डोळ्यांसमोर असताना ज्यूंच्या दुःखाची पुस्तके आपण का वाचायची? प्रश्न रास्त आहे. फ्रीडलेंडर 1948 मध्ये इस्रायलला गेले. त्याच काळात 7 लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. एका अनाथाला आसरा मिळाला त्या भूमीवर दुसरे लाखो लोक निर्वासित झाले, हे विसरून हे पुस्तक वाचता येत नाही. स्वतः फ्रीडलेंडर पुढे पॅलेस्टिनी प्रदेशावरील इस्रायली कब्जाचे टीकाकार राहिले. पण 60 लाख माणसांचा संहार झालाच नाही, किंवा आकडा फुगवला आहे, असे सांगणारे संदेश आपल्याही मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवल्याने एकाही पॅलेस्टिनी मुलाचे भले होत नाही. आपले दुःख जगाने खरे मानावे, असे आपल्याला वाटते. मग दुसऱ्याचे दुःख खोटे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे कुठून आला?

ओळख जन्माने मिळते, असे आपण सहज म्हणून जातो. या मुलाची ओळख चार देश, दोन धर्म आणि पाच नावांतून गेली. ती त्याच्याकडे परत आली ती आई-वडिलांविषयीचे सत्य कळल्यावर, आणि ते सांगणारा माणूस परक्या धर्माचा होता. उद्या शेजारच्या घरातल्या, वर्गातल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाने आपल्याला त्याच्या माणसांविषयी विचारले, तर खरे आणि आदराने सांगता येईल एवढे आपल्याला माहीत आहे का?